तुम्ही विचारलंत म्हणून : तोच तो कॉन्चेर्टो पुन्हा का ऐकायचा?

रागदारी ऐकणारे स्नेही मला नेहमी विचारतात की, आपल्याकडे तोच यमन दर मैफलीत नव्याने उभा राहतो, परंतु पाश्चात्त्य संगीतात तर स्वरन् स्वर कागदावर उतरवलेला असतो. मग मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकाराचा तोच तो व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना, ऐकायला तुम्ही पुन्हा पुन्हा सभागृहात का जाता?

प्रश्न रास्त आहे, आणि या रचनेच्या बाबतीत तर अधिकच. १३ मार्च १८४५ रोजी जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात फर्डिनांड डाव्हिड याने प्रथम वाजवलेल्या या ई मायनर कॉन्चेर्टोत वादकाच्या मर्जीवर फारच थोडे सोडलेले आहे. वाद्यवृंद थांबल्यावर एकलवादकाने एकट्याने आपले कसब दाखवायचे, ती कॅडेन्झाची जागासुद्धा मेंडेल्सझोनने स्वतःच लिहून टाकली आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या भागाच्या अखेरीस न ठेवता मुख्य धून परत येण्याच्या तोंडाशी आणून बसवली.

माझे उत्तर नेमके तिथेच आहे. कॅडेन्झा संपत येते तेव्हा वादक गज तारांवर दाबून ओढत नाही, उसळू देतो, आणि एकेका ओढीत चारही तारांवरून सुटे सुटे स्वर उडत जातात. आरंभी ही लय केवळ त्याची असते. मग वाद्यवृंद अगदी हलक्या आवाजात मुख्य धून उचलतो आणि इतका वेळ ज्याची साथ चालली होती तोच, गज तसाच उसळता ठेवून, साथीला बसतो. उसळता गज एका मर्यादेपलीकडे संथ करता येत नाही. त्यामुळे कंडक्टरला त्या लयीत अचूक उतरावे लागते, आणि क्षणभर कोण कोणाच्या मागे जातो आहे हे समोर बसलेल्याला चक्क दिसते. (समेआधी तबलजीकडे टाकलेली नजर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) ध्वनिमुद्रणात हा सांधा बहुधा इतका गुळगुळीत असतो की तो आहे हेच जाणवत नाही. सभागृहात जाल तेव्हा डाव्या बाजूची जागा घ्या. एकलवादक कंडक्टरच्या त्याच अंगाला उभा असतो.

सभागृहातच पाहावी अशी दुसरी जागा ‘बसून’ या खर्जातल्या, फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याची; ते प्रकरण छोटे आहे. पहिला भाग संपतो, पण एक बसूनवादक बी हा स्वर धरून राहतो, अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि दुसऱ्या भागाची वाट उघडतो. मधे टाळ्यांना जागाच ठेवलेली नाही. तरीही त्या कधीकधी पडतात आणि तो बिचारा त्या गदारोळात दम टिकवून बसतो.

तिसऱ्या भागाबद्दल माझे मत जरा कडक आहे. बोटे चालतात म्हणून पुष्कळ वादक तिथे लय अवास्तव चढवतात आणि त्यांच्याबरोबर धावताना बासरी-क्लॅरिनेटची फरफट होते. किंचित संथ वाजवणारा, पण बासरीचे बोलणे ऐकून घेणारा वादक मला केव्हाही बरा वाटतो.