कूलर, मारबत आणि आमचं संमेलन

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार आमच्या मंडळाच्या संमेलनाचा. ११ वर्षं झाली, यात बदल नाही. ऑटिझम असलेली मुलं (त्यातली काही आता पंचविशीची झालीत), त्यांचे आईवडील, भावंडं, आणि शनिवारच्या चित्रकला वर्गाला येणारी आजूबाजूची इतर मुलं, एवढं आमचं मंडळ. मी त्या वर्गाची बाई आणि पहिल्या दिवसापासूनची चिटणीस. मुलांची नावं कुठे छापायची नाहीत असं पालकांशी ठरलंय. मदत करणारे म्हणाले, मग आमचीही नको. म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही.

दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल, जमाखर्च हे सगळं अर्ध्या तासात आटोपतं. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच, आमच्याकडे टाळ्या वाजत नाहीत. दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. पहिल्या वर्षी टाळ्यांचा कडकडाट झाला आणि चार मुलं कान दाबून बाहेर पळाली, तेव्हापासून ही पद्धत. नवा पाहुणा आधी बावरतो. मग समोर दीडशे माणसांचे हात पाण्यासारखे हलताना बघतो आणि त्याचं भाषण आपोआप आखूड होतं.

माझा जीव अडकलेला असतो तो ‘चित्रापाशी’ या कार्यक्रमात. मुलाचं चित्र स्टँडवर लागतं. प्रेक्षकांतला एक जण पुढे येऊन त्याला काय दिसलं, काय वाटलं ते सांगतो. मग चित्रकार सांगतो, बरोबर की चूक. कुणी बोलतो, कुणी टॅबवर टाइप करतो, एक मुलगी फक्त हिरवं किंवा लाल कार्ड दाखवते. बस, इतकंच. पण या ‘चूक’साठी मी वर्षभर थांबते.

तिसऱ्या वर्षीचं चित्र सांगते. चौदा वर्षांचा मुलगा, बोलणं जवळजवळ नाही. कागदभर करड्या आडव्या पट्ट्या, एकाखाली एक, आणि पट्ट्यांच्या फटींतून हिरवट पिवळं काहीतरी डोकावतंय. आमचे एक ज्येष्ठ काका, शाळेत मुख्याध्यापक होते, अतिशय प्रेमळ माणूस. ते पुढे आले, गहिवरले. म्हणाले, “गज आहेत हे. आत एक मन कोंडलंय, आणि पलीकडे हिरवं जग आहे.” हॉलमध्ये दोन-तीन बायांनी पदर डोळ्यांना लावला. मुलानं टॅब ओढला आणि टाइप केलं : चूक. थोडं थांबून : कूलर. आजी. दुपार.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “अगं बाई, हा तर आमचा कूलर होय!” आजी उभ्याच राहिल्या. एप्रिल-मेमध्ये पोरगं शाळेतून आलं की थेट कूलरपुढे जाऊन बसतं, झडपांवर बोटं फिरवतं, ओल्या गवताचा वास घेतं, त्या घर्रर्र आवाजाला स्वतः ‘ऊं’ करून सूर लावतं, हे त्यांनीच सांगितलं. नागपूरच्या ४५ डिग्रीत कूलर म्हणजे काय, हे इथे कुणाला समजवायला लागत नाही. सगळा हॉल आपापल्या आजीच्या घरी पोचला. पोरानं सुखाचं चित्र काढलं होतं आणि आम्ही त्याला तुरुंग म्हणत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा मुलगा माझ्याकडे चार वर्षं येत होता. ‘याला भावना पोचत नाहीत, पोचवता येत नाहीत’ असं त्याच्या फायलीत लिहिलेलं मी वाचलं होतं आणि खरं मानलं होतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर ऑटिझमबद्दलचा जो गाजलेला लेख लिहिला, त्याच्या नावातच भावनिक संपर्काचा बिघाड आहे. तेव्हापासून बिघाड शोधायचा तो मुलाच्याच बाजूला. पुढल्या वर्षी वर्गाला मदत करणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीनं संमेलनात दहा मिनिटं भाषण केलं, आणि आमच्या स्टेजवरचं ते सगळ्यात कामाचं भाषण ठरलं. तिनं डेमियन मिल्टन यांच्याबद्दल सांगितलं. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, इंग्लंडमध्ये संशोधन करतात. २०१२ साली त्यांनी मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचणं जड जातं, तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं जातं. याला दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न म्हणतात. “कूलरच्या दिवशी काय झालं, आठवा,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तिनंच २०१७ सालचा अमेरिकेतला एक अभ्यासही सांगितला होता, नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ऑटिस्टिक माणसांना काही क्षण पाहून वा ऐकून लोकांचं मत पटकन वाईट होतं, पण त्यांचंच बोलणं नुसतं लिहिलेलं वाचायला दिलं की ते होत नाही. म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी चित्र लागतं, पुरती दोन मिनिटं सगळे नुसतं बघतात, चित्रकार मागून येतो. आणि चेहरा बघून भावना ओळखायचे तक्ते मी वर्गातून काढून टाकले. ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे निम्म्यांना स्वतःच्या भावनेला नाव देणंच अवघड जातं, त्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. पोटात काहीतरी ढवळतंय हे कळतं, त्याला राग म्हणायचं की भीती हे सापडत नाही. अशा मुलाला आपण विचारतो, “सांग बरं, कसं वाटतंय?” मी किती वर्षं विचारत होते!

सहाव्या वर्षी पालकांनी चित्रं काढली आणि मुलांनी वाचली. एका वडिलांनी घर काढलं, सूर्य, अंगणात हसणारी माणसं. त्यांचा मुलगा बराच वेळ चित्राच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत राहिला. म्हणाला, “बाबा नाही.” खरंच, आई होती, आजी होती, तो होता. वडिलांची नोकरी चंद्रपूरला, घरी येणार ते शनिवारी. स्वतःला काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलानं काळा स्केचपेन घेतला, कागदाच्या अगदी कडेला एसटी काढली, तिला सहा खिडक्या काढल्या आणि म्हणाला, “शनिवार.” वडील स्टेजवरून उतरले ते सरळ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही असं मला कुणी म्हटलं, की मी त्याला या एसटीबद्दल सांगते.

मारबतीचं वर्षही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे नको त्या गोष्टी सोबत घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, तेव्हा आमची एक मुलगी महाल भागातल्या मावशीच्या गच्चीवर, कानाला मोठा हेडफोन लावून बघत असते. गर्दी सोसत नाही, पण मारबत हवी. संमेलनात तिनं कागदाची कमरेएवढी मारबत आणली आणि यादी वाचली. “मिक्सरचा आवाज,” आणि प्रेक्षकांनी म्हणायचं, “घेऊन जा गे मारबत!” मोठ्यानं नाही, कुजबुजत, तशी तिची अटच होती. “टी-शर्टच्या आतली टोचणारी पट्टी.” घेऊन जा गे मारबत. “न सांगता बदललेली बसायची जागा.” घेऊन जा गे मारबत. दीडशे माणसं एका दमात कुजबुजतात तो आवाज वाळक्या पानांवरून वारा जावा तसा येतो. शेवटून दुसरी ओळ होती, “ताई म्हणते, माझ्या डोळ्यांत बघून बोल.” ती ताई मी. मीही कुजबुजले. त्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही.

ऑटिस्टिक माणसाला मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात, याच व्यासपीठावर त्या शब्दावरही वाद झाला. आमचा एक तरुण सदस्य उठून म्हणाला, “मी मग्न असतो, पण स्वतःत कुठे? मी रेल्वेच्या टाइमटेबलात मग्न असतो.” तेव्हापासून आमच्या पत्रिकेवर तो शब्द नाही.

आता मनात आहे ते बोलते. आसपासच्या शाळांच्या शिक्षकांना आम्ही दरवर्षी हाताने लिहिलेल्या पत्रिका देतो. येतात, समई पेटताना फोटोत असतात, ‘चित्रापाशी’ सुरू व्हायच्या आत जातात. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आला, २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, फलक लागतात, निळे दिवे लागतात, हे चांगलंच आहे. पण दोन तास बसून एका मुलाचं ‘चूक’ ऐकायला कुणाला वेळ नसतो. मुलांचे काका-मामाही फारसे येत नाहीत. गेल्या वर्षी ४० खुर्च्या रिकाम्या होत्या, मी मोजल्या.

जे येतात त्यांचं ऋण मात्र फार आहे. हॉलच्या गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट काढून दरवर्षी पिवळे बल्ब लावून देणारे इलेक्ट्रिशियन भाऊ. माईकचा आवाज तीनच्या पुढे जाऊ न देणारे साउंडवाले. तर्रीचा वास आत येऊ नये म्हणून पोह्यांची गाडी मागच्या अंगणात लावणारे दादा. चितार ओळीतून शाडू आणून देणारे मूर्तिकार, आणि ओली माती हाताला सहन न होणाऱ्या मुलासाठी प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी घालून दाखवणारी त्यांची सून. शांत खोलीच्या दाराशी कार्यक्रम न बघता बसून राहणाऱ्या दोघी कॉलेजच्या मुली. तिळगुळाच्या काकू, चौघीही. मुलांना आणणारे तिन्ही ऑटोवाले. खुर्च्या उचलणारी भावंडं. हॉल झाडणाऱ्या मावशींचा उल्लेख मागच्या अहवालात राहिला, त्याची रुखरुख वर्षभर होती. मावशी, यंदा पहिली प्रत तुम्हाला.

आणि कूलर दुरुस्तीवाले चाचा. त्यांची गोष्ट यंदाची. कूलरवाला मुलगा आता बाविशीचा आहे. त्यानं नवं चित्र केलं, रंगांचं नाही, कूलरच्या गवताचं, फळीवर चिकटवलेलं. चाचांनी पोतंभर गवत दिलं, पैसे घेतले नाहीत. मुख्याध्यापक काका पुढे आले. या वेळी ते काही बोलले नाहीत, दोन मिनिटांची पाच झाली. शेवटी म्हणाले, “मला नाही समजत बाबू. तू दाखव.” मुलानं त्यांचा हात धरून गवतावर ठेवला, स्प्रेच्या बाटलीनं वरून पाणी मारलं आणि ‘ऊं’ सुरू केला. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं तेही खालच्या पट्टीत ‘ऊं’ करू लागले. टॅब कुणी उघडलाच नाही.

ती फळी आता आजींकडे आहे. गवत वाळून गळतं, आजी रोज केर काढतात आणि गळलेलं पुन्हा चिकटवायला त्याच्याच हातात देतात.