तुम्ही विचारलंत म्हणून: ही नदी मातकट का?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारे बहुतेक जण दिवाणखान्यातली प्रिंट बघून हेच विचारतात: एवढी मातकट नदी कशाला लावलीत, आणि तिच्यात बघण्यासारखं आहे तरी काय? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

चित्र यान व्हान गोयेन या डच चित्रकाराचं, १६४४ सालचं. नदीतून दिसणारं डोर्ड्रेख्ट शहर. मूळ चित्र ओकच्या फळीवर रंगवलेलं, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. काठावर जो बोडका मनोरा दिसतो तो तिथल्या मोठ्या चर्चचा. बांधता बांधता जमीन खचायला लागली, म्हणून तो अर्ध्यावरच थांबला.

आधी पाण्याकडे बघूच नका, आभाळ बघा. निम्म्याहून कितीतरी जास्त जागा त्यानेच घेतली आहे. मग हळूहळू खाली या. पाण्याचा म्हणून वेगळा रंग सापडणार नाही. वरचाच करडा-तपकिरी रंग खाली उतरलाय. मग ते पाणी वाटतं कशामुळे? नावेच्या तळाशी एक गडद आडवा फटकारा आहे. तो बोटाने झाका. नाव लगेच अधांतरी होते. बोट काढा, की पुन्हा पाण्यावर टेकते. सगळी नदी असल्या फटकाऱ्यांवर उभी आहे, आणि मला त्याचं आजही नवल वाटतं.

आता रंग. १६३० आणि १६४० च्या दशकांत हॉलंडमध्ये अशी मोजक्या रंगांची निसर्गचित्रं बरीच निघाली. पातळ रंग, झपाझप हात, खर्चही कमी. व्हान गोयेनला पैशाची ओढाताण होतीच. १६३७ मध्ये ट्यूलिपच्या कंदांचा बाजार कोसळला, त्यात तो पोळला. हजाराहून जास्त चित्रं काढूनही १६५६ मध्ये गेला तो कर्ज ठेवूनच. पण काटकसर एवढं एकच कारण मी मानत नाही. नदीकाठाने हिंडून हा माणूस वह्याच्या वह्या रेखाटनांनी भरायचा. त्याला पाणी असंच दिसलं असणार.

पटत नसेल तर पावसाळ्यात कमाटीबागेतल्या पुलावर उभे राहा आणि विश्वामित्री नदीकडे बघा. निळा रंग कुठे दिसतो? आभाळ भरलेलं असलं की पाणी त्याच्याच रंगाचं, वर गाळाची छटा. काठाखालच्या काळसर रेघेमुळे तेवढं कळतं, की जमीन संपली.

तिथपर्यंत गेलात तर बागेतल्या पिक्चर गॅलरीत जाच. सयाजीराव महाराजांनी युरोपातून चित्रं जमवली, पहिल्या महायुद्धात ती तिकडेच अडकली, आणि गॅलरी १९२१ मध्ये खुली झाली. माझ्या प्रिंटमध्ये जे मुळीच दिसत नाही ते तिथे दिसेल: रंगाचा थर. तैलरंग जुना होत गेला की पारदर्शक होतो. व्हान गोयेनच्या कितीतरी चित्रांत आभाळातून खालच्या लाकडाच्या रेषा वर आल्या आहेत. आपल्या गॅलरीतही एखाद्या तैलचित्रासमोर जरा तिरके उभे राहा, म्हणजे उजेड आडवा पडेल. पांढरा रंग कुठे जाड चढवलाय, कुठे नुसता पुसलाय, सगळं वाचता येतं. पाटी मागाहून वाचा.