आयटीआयची दोन वर्षं आणि बारावीचे दोन पेपर

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी मेन्टेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. 2014 ला दहावी झाले, मग ठाण्यात आयटीआयची दोन वर्षं, त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप. पॅनल उघडून बसले की मला कुणाला काही विचारावं लागत नाही. पण 2022 मध्ये सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज मागवले, तेव्हा नोटिशीच्या पहिल्याच ओळीत ‘पदवीधर’ होतं. पदवी मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येते, म्हणून त्यांची माहिती काढली, तर तिथे आधी बारावी हवी.

घराजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझं प्रमाणपत्र मागून-पुढून बघितलं आणि परत सरकवलं. “हे आयटीआयचं आहे. ह्याचा बारावीशी काही संबंध नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि आर्ट्सचे सगळे विषय घ्या.” सतरा नंबर म्हणजे कॉलेजात न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसायचा फॉर्म. त्या ठामपणे बोलल्या आणि मी विश्वास ठेवला. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, सगळी पुस्तकं आणली. नाइट शिफ्ट करून सकाळी दोन तास वाचायचं ठरवलं होतं. दिवाळीपर्यंत कसंबसं चाललं, मग सासूबाईंचं ऑपरेशन आलं आणि ते सुटलं. फॉर्म भरलाच नाही. त्या एका वाक्याने माझं आख्खं वर्ष घेतलं आणि याचा राग मला अजून आहे. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणावं माणसाने.

पुढच्या पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेर आमचे आयटीआयचे सर भेटले. बोलता बोलता मी हे सांगितलं, तर ते रस्त्यातच थांबले. “अगं, सगळे विषय कशाला? तुझा दोन वर्षांचा ट्रेड आहे. बोर्ड तो धरतं. तू फक्त दोन भाषा दे.”

नियम खरंच एवढा सरळ आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा अभ्यासक्रम, पास केलेला असेल, तर राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत दोन भाषा विषय पास व्हायचे, बाकीच्या विषयांच्या जागी आयटीआयचं शिक्षण धरलं जातं. मंडळाच्या परिपत्रकात नियमित, पुनर्परीक्षार्थी, खाजगी, श्रेणीसुधार अशा विद्यार्थ्यांच्या यादीत ‘औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे विषय घेऊन प्रविष्ट होणारे’ असं स्पष्ट छापलेलं असतं. कॉलेजात याला ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ म्हणतात. हे शब्द पाठ करून जा, कारण ‘आयटीआयवरून बारावी’ म्हटलं की समोरचा मान हलवतो, आणि ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ म्हटलं की तो फाईल उघडतो.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिच्याकडेही आयटीआयवाल्यांसाठी सोय आहे. 2016 साली केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा आणि त्यांचा करार झाला. त्यांची परीक्षा वर्षातून दोनदा असते, हा फायदा. मी राज्य मंडळ घेतलं, कारण मुंबई विभागाचं कार्यालय वाशीला आहे. काही अडलं तर रबाळ्याहून लोकलने जाऊन समोरासमोर विचारता येतं, आणि मला दोनदा जावं लागलंच.

अडलं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ए’ आहेत, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर एकच. सात वर्षं ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होतं, कितीतरी ठिकाणी त्याची झेरॉक्स दिली, पण कधी कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. फॉर्मसाठी मी दुसऱ्या कॉलेजात गेले, तिथल्या सरांनी मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलीने त्या अक्षराखाली रेघ मारली. “हे आधी दुरुस्त करून आणा. आत्ता चालवून घेतलं तरी निकालाच्या वेळी अडकेल.” मग आयटीआयमध्ये अर्ज, त्यांच्यामार्फत ऑनलाइन दुरुस्ती, पुन्हा फेऱ्या. आमची बॅच सेमिस्टर पद्धतीची, त्यामुळे चार सेमिस्टरच्या चार गुणपत्रिका जोडायच्या होत्या. तिसऱ्या सेमिस्टरची सापडेना. शेवटी आईकडे कळव्याला, लोखंडी कपाटात लग्नाच्या अल्बमखाली मिळाली. तुमचा ट्रेड झाला असेल तर आजच कागद काढून नावं अक्षर-अक्षर ताडून बघा. फॉर्मची मुदत चालू असताना हे करू नका, तेव्हा विलंब शुल्क भरायची वेळ येते. माझ्यावर आली.

विषय घेतले इंग्रजी आणि मराठी. मराठी सोपी जाईल असं धरून चालले होते, पण तिथेही मेहनत करावी लागली. उपयोजित मराठीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असतं. त्यातला अहवाल मला आपसूक आला. काय झालं, किती वाजता झालं, कोण हजर होतं, काय केलं, हे मी ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये रोजच लिहिते. कवितांचं रसग्रहण मात्र आमच्या शेजारच्या काकूंकडून शिकले. त्या निवृत्त शिक्षिका. रविवारी दुपारी त्या ओळ वाचायच्या आणि विचारायच्या, “हं, आता तुला काय दिसलं ते सांग.”

इंग्रजीची भीती होती. ट्रान्सहार्बर लोकलला ऐरोली ते ठाणे बसायला मिळालं तर एक उतारा, नाही मिळालं तर उभ्याने दहा शब्द, एवढंच ठरवलं. दोन्ही विषयांत लेखी 80 गुणांची आणि 20 गुण तोंडी वगैरेचे. तोंडीची तारीख मला जवळजवळ चुकणार होती, कारण माझं लक्ष सगळं लेखी परीक्षेच्या वेळापत्रकाकडे. कॉलेजच्या सरांचा फोन आला म्हणून वाचले, शिफ्ट बदलून धावत गेले. तिथे परीक्षक बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय काम करता? मी ब्रिटानिया जॉइंट सांगितला. दोन तारांची टोकं घासून स्वच्छ करायची, शेजारी-शेजारी धरायची, बारीक तांब्याची तार त्यावर घट्ट गुंडाळायची आणि मग सोल्डर. वाक्यं मोडकी होती, पण बोटांनी हवेत तार गुंडाळून दाखवली तसे शब्द येत गेले. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. आयटीआयच्या पहिल्या वर्षी हाच जॉइंट सरांनी माझ्याकडून सहा वेळा सोडवून घेतला होता.

21 फेब्रुवारी 2024 ला पहिला पेपर इंग्रजीचा. वर्गात सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं. मागच्या मुलीने हळूच विचारलं, “ताई, तुम्ही सुपरव्हिजनला ना?” मी हॉल तिकीट दाखवलं, तर ती म्हणाली, “ऑल द बेस्ट ताई.” मराठीचा पेपर छान गेला.

21 मेला दुपारी एकला निकाल. मी फर्स्ट शिफ्टला होते, मोबाईल लॉकरमध्ये. सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी बघितला. पास. इंग्रजीत 52, मराठीत 71. आईला फोन लावला. ती म्हणाली, “म्हणजे ती दोन वर्षं शिक्षणातच होती ना गं?” दहावीला बरे गुण असून मी आयटीआय घेतलं, याबद्दल नातेवाइकांनी तिला किती ऐकवलं होतं ते मला माहीत आहे. मी हो म्हटलं आणि पुढे बोलता येईना.

आता कंपनीत तिघांनी विचारलं आहे. त्यातल्या वेल्डर दादांना मला ‘नाही’ म्हणावं लागलं. त्यांचा ट्रेड एक वर्षाचा, हा नियम दोन वर्षांच्या ट्रेडचा. ते फार हिरमुसले. टर्नर आणि फिटर अशा दोघांचं मात्र बसतं. टर्नरची कागदपत्रं परवा कॅन्टीनमध्ये टेबलावर पसरून आम्ही बघितली. त्याच्या वडिलांच्या नावात एका कागदावर ‘राव’ आहे, एकावर नाही. शनिवारी त्याला सुट्टी आहे, तेव्हा आम्ही दोघं आयटीआयत जाणार आहोत.