तांबट आळीत घडलेला आमच्या जेवणघरातला दिवा

जेवणाच्या टेबलावर टांगायला तांब्याचा दिवा हवा होता. दुकानात पाहिलेले बरेचसे दिवे हातात घेतले की कळायचं, पत्रा लोखंडाचा आणि वर नुसता तांब्याचा रंग. पुण्यात राहून अस्सल तांबं मिळू नये हे काही पटेना, म्हणून सरळ कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब, घंगाळी, हंडे इथंच घडायचे. वरून हातोडीच्या ठोक्यांच्या चकाकत्या ओळी उठवायच्या, ते मठारकाम मला लहानपणापासून भारी आवडतं.

मोबाइलवरचा फोटो कारागीरकाकांनी पाहिला आणि बाजूला ठेवला. "ताई, माप सांगा. तोंड किती, खोली किती, टेबल केवढं?"

घरी पुठ्ठ्याचा घुमट कापून दोरीनं टेबलावर टांगला. दिवा करून घेणाऱ्या प्रत्येकानं हे करावंच. बोलताना 18 इंच काही फार वाटत नाही, पण आमच्या छोट्या टेबलावर तो घुमट अंगावर यायला लागला, म्हणून 14 इंचांवर आलो. मग सगळे रोजच्यासारखे पानावर बसलो आणि उंची ठरवली. टेबलापासून साधारण 30 इंचांवर कडा ठेवली की समोरच्याचा चेहराही दिसतो आणि बल्ब डोळ्यांत घुसत नाही.

पुढच्या भेटीत काकांनी विचारलं, "आतून काय करायचं?" माझ्या मते सगळ्या कामात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा होता. त्यांनी एका उघड्या तांब्याच्या घंगाळात पेटता बल्ब धरला आणि माझ्या पिशवीतली मेथीची जुडी खाली धरायला लावली. पानं मळकट, तपकिरी दिसली. मग तसाच बल्ब कल्हई केलेल्या पातेल्यात धरला, तर मेथी हिरवीगार! तांबं निळा-हिरवा प्रकाश बराचसा गिळतं आणि तांबूस तेवढा परत पाठवतं. कथिलाचा पांढरा थर असं करत नाही. निजायच्या खोलीत तो तांबूस उजेड छान वाटेल, पण जेवणाच्या पानावर नको. आतून कल्हई करायचं ठरलं.

पत्रा 20 गेज जाडीचा घेतला. घाट मशीनवर काढला, ठोके मात्र सगळे हातानं. बसण्यापूर्वी काकांनी हातोडीचं तोंड पॉलिश पेपरवर घासून आरशासारखं केलं, कारण त्यावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्यात उमटणार. शेड लोखंडी खुंटावर पालथी घातली आणि माथ्यापासून कडेकडे गोल गोल ओळी सुरू झाल्या. उजवा हात एकाच जोरानं पडतोय, डावा शेड किंचित किंचित फिरवतोय, आणि खूण न करताही ओळ जिथून निघाली तिथंच येऊन मिळतेय. ठोक्यांनी नुसती नक्षी होत नाही, तांबं कडकही होतं, त्यामुळे मोठी शेड सहजी चेपत नाही.

कल्हई पाहण्यासारखी असते. शेड तापली, नवसागर पडला, पांढरा धूर उठला. कथिलाची कांडी आत टेकवून कापसाचा बोळा फिरवला की रुपेरी थर झरझर पसरतो. बाहेरून धरलेला काळपटपणा नंतर चिंचेनं काढला.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. शेड धातूची, म्हणून तीन तारांची केबल आणि अर्थिंग हवंच. आमची शेड सव्वा किलोच्या पुढे भरली. तो भार वायरवर न टाकता स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून साखळीवर घेतला. बल्ब 2700 केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा.

पैशांचं म्हणाल तर तांबं वजनावर आणि मजुरी वेगळी. मजुरीत घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. तासन् तास एका लयीत हातोडी चालवण्याचे ते पैसे आहेत.

बाहेरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारून घेतलं नाही. लॅकरनं चकाकी टिकते, पण कुठे पोपडा निघाला की तेवढाच डाग काळा पडतो. त्यापेक्षा तांबं आपसूक गडद होऊ दिलेलं मला आवडतं. सणावाराला बटण बंद करून, शेड उतरवून, होल्डर काढून बाहेरून चिंच-मीठ लावते. आत फक्त ओलं फडकं फिरवायचं. तिथं चिंच किंवा पितांबरी घासली तर कल्हई झिजते.