केळ्याच्या सालीच्या राखेतून बायोडिझेल

वसईत राजेळी केळ्यांची सुकेळी (वाळवलेली केळी) करतात तिथे किंवा वेफर्सच्या भट्टीमागे सालींचे ढीग साचतात. या सालीत पोटॅशियम भरपूर. साल जाळली की ते बहुतेक कार्बोनेटच्या रूपात राखेत उरतं, आणि तेलाचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं इंधन, करताना कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीऐवजी ही राख उत्प्रेरक म्हणून छान चालते. किनारपट्टीवर खरा शत्रू एकच: ओल.

10 किलो ओली साल वाळून किलो-सव्वा किलो भरते आणि राख जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम मिळते. साल पत्र्यावर कडकडीत वाळवा, तीही मे महिना संपायच्या आत. जमिनीवर वाळत घालू नका, कारण वाळूतली सिलिका भट्टीत पोटॅशियमला धरून ठेवते. आधी उघड्यावर जाळून घ्या, मग भट्टीत 700 अंशांवर चार तास. काळे कण राहिले तर कार्बन पुरता जळलेला नाही. 800 च्या वर गेलात तर क्षार वितळून राखेचे खडे होतात. राख कोमट असतानाच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. दमट हवेत ती पाणी ओढते, आणि ते पाणी पुढे बायोडिझेलऐवजी तेलाचा साबण करतं. वापरण्याआधी 150 अंशांवर दोन तास तापवून घेणं उत्तम.

नारळाच्या सोडणांतही (बाहेरच्या तंतुमय सालींतही) पोटॅशियम असतं, पण खाडीत कुजवलेली सोडणं घेऊ नका. पोटॅशियम पाण्यात निघून गेलेलं असतं आणि मीठ शिरलेलं असतं. मीठ इथे काहीच काम करत नाही.

आता तेल. 1 मिली तेल 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब घाला आणि लिटरला 1 ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड असलेलं द्रावण थेंबथेंब सोडा. टिकाऊ गुलाबी रंग यायला 2 मिलीपेक्षा जास्त लागलं, तर त्या तेलात मुक्त आम्लं (तेलातून सुटी झालेली स्निग्धाम्लं) साधारण 1 टक्क्याच्या वर आहेत. उंडीचं तेल आणि करंजेल बहुधा इथेच अडकतात. त्यांना आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलची प्रक्रिया द्यावी लागते. ती टाळून राख वाढवत नेली तर हाती साबणच येतो.

1 किलो कोरड्या तेलाला 330 ग्रॅम मिथेनॉल आणि 40 ग्रॅम राख. राख आधी मिथेनॉलमध्ये पंधरा मिनिटं ढवळा, मग तेलात घाला. वर कंडेन्सर (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारी नळी) लावून 60 ते 65 अंशांवर दोन तास जोरात ढवळत राहा. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं, वाफ विषारी असते आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. म्हणून गॅसची शेगडी नको, मोकळ्या हवेत विजेवरचं गरम पाण्याचं भांडं वापरा.

राख गाळून मिश्रण रात्रभर स्थिर ठेवा. तळाला ग्लिसरीन बसतं. वरचा थर कोमट पाण्याने हळुवार धुवा, कारण थोडं पोटॅशियम विरघळून त्यात उतरलेलं असतं. मग हे बायोडिझेल सुकवून त्यातलं 3 मिली घ्या आणि 27 मिली मिथेनॉलमध्ये घाला. तळाशी तेलाचे थेंब दिसले तर प्रक्रिया अपुरी आहे.

गाळलेली राख पुन्हा वापरता येते, पण पोटॅशियम दर वेळी कमी होतं. प्रत्येक फेरीला थोडी ताजी राख मिसळा आणि ही 3-27 ची चाचणी बिघडली की जुनी बदला.