कोटेशन नसलेली होडी

मी बँकेत कृषी अधिकारी आहे. नोकरीची पहिली सात वर्षं सातारा जिल्ह्यात गेली, मग बदली झाली ती थेट सिंधुदुर्गात, देवगड तालुक्यातल्या एका किनारी शाखेत. म्हशी, शेळ्या, ठिबक, ट्रॅक्टर यांच्या फायली माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेल्या होत्या. होडीची एकही नव्हती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई आणि त्यांचा 26 वर्षांचा मुलगा शाखेत आले. मुलगा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होता. शेजारच्या वाडीतल्या एकाची जुनी फायबरची होडी विकायला निघाली होती. सांगाडा 1 लाख 15 हजार आणि मागे टांगायचं इंजिन 75 हजार, मिळून 1 लाख 90 हजार. आईने बचत गटात साठवलेले 40 हजार तयार होते, बाकीचे दीड लाख हवे होते.

दीड लाख म्हणजे मुद्रा योजनेतलं ‘किशोर’ कर्ज, 50 हजार ते 5 लाखांच्या टप्प्यातलं. जामीन नको, जमिनीचं तारण नको, घेतलेल्या वस्तूवर बँकेचा बोजा पुरे. मी अर्ज भरून घेतला आणि ‘विक्रेत्याचे कोटेशन’ या रकान्याशी येऊन थांबले. जुन्या होडीचं कोटेशन देणार कोण? तिचा ना शोरूम, ना डीलर, ना जीएसटी क्रमांक. मत्स्यसंपदा योजनेत होडीला 40 टक्के अनुदान होतं, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के, पण ते नव्या होडीला. मच्छीमारांसाठीचं किसान क्रेडिट कार्ड डिझेल, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चासाठी, त्यातून होडी घेता येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे, तो जुनी होडी शोधणार, आणि नेमका तिथेच कागद अडणार. फाईल वर पाठवली, ती तिसऱ्या दिवशी एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली: ‘कोटेशन जोडावे.’

मी त्या बाईंना फोन करून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, व्यापारी आजच पैसे देता. पण मगे मासळी तेकाच घालूची लागता, तो सांगात त्या भावान.”

ही उचल कशी चालते ते मला तोवर कळलं होतं. कागद नाही, व्याजाचा आकडा नाही. पण उचल फिटेपर्यंत बांगडा असो की सुरमई, तुमची टोपली दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नाही, आणि हंगामाच्या शेवटी जाळ्यासाठी पुन्हा उचल घ्यावीच लागते. त्या बाईंचे यजमान तशाच उचलीत आयुष्यभर राहिले होते. मुलाने तेच करू नये एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्या रात्री मला साताऱ्याकडचा बैल-म्हशींचा बाजार आठवला. म्हशीचं तरी कोटेशन कुठे असतं? ती जुनीच असते, दुसऱ्याच्या दावणीची असते. आपण बाजाराची पावती घेतो, पशुवैद्यकाचा दाखला घेतो, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहितो, विमा उतरवतो आणि पैसे विकणाऱ्याच्या खात्यावर टाकतो. हे सगळं होडीला का चालू नये? होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, क्रमांक रंगवलेला असतो, तो तिचा बिल्ला. मत्स्यव्यवसाय खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र असतं, मासेमारीचा परवाना वेगळा असतो. उरला दाखला. तो देणारा माणूस हवा.

मुलाचे मामा चाळीस वर्षं समुद्रावर काढलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं होडी पाहायला गेलो. ती माडाखाली ओंडक्यांवर ठेवलेली होती, नुकतीच निळ्या रंगाने रंगवलेली. मामांनी रंगाकडे बघितलंही नाही. खिशातून जुनं जाड नाणं काढलं आणि नाळेपासून बुडाला टकटक करत मागे सरकू लागले. आवाज खणखणीत येत होता, स्टीलच्या ताटावर यावा तसा. मागच्या कोपऱ्याशी आल्यावर तो एकदम बसका झाला.

“हय आयका,” मामा मला म्हणाले, “आणि हय.” मी नाणं हातात घेऊन स्वतः वाजवून पाहिलं. फरक इतका स्पष्ट होता की डोळे मिटूनही कळला असता.

मग ते इंजिन टांगायच्या फळीकडे वळले. फायबरच्या होडीत ही फळी बाहेरून फायबरची दिसते, पण आत लाकूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजत राहतं. मामांनी एक बोल्ट काढला, भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला आणि तळहात खाली धरला. काळपट, ओला भुसा हातावर पडला. तो त्यांनी बोटांनी दाबला तर पाणी सुटलं.

विकणाऱ्याचा चेहरा उतरला. मामा त्याच्यावर चिडले नाहीत. म्हणाले, “होडी वायट नाय. फळी बदलली तर धा वर्सा काय होवचा नाय. पण भाव तसो होयो.”

इंजिन पिंपातल्या पाण्यात सोडून सुरू केलं. तिसऱ्या ओढीला लागलं, बाजूच्या भोकातून पाण्याची धार नीट पडत होती. क्रमांकाची पट्टी खारट हवेने गंजली होती. ती फडक्याने पुसून मी कागद ठेवला आणि पेन्सिलने छाप काढला, ट्रॅक्टरच्या चेसिसचा काढतो तसा. इंजिनाच्या पावतीवरचा आकडा जुळला.

प्रमाणपत्र उघडलं तेव्हा मात्र मी दचकले. मागच्या बाजूला एका संस्थेच्या कर्जाचा शिक्का होता, नऊ वर्षांपूर्वीचा. विकणारा म्हणाला, पैसे केव्हाच फेडले. खोटं बोलत नव्हता, संध्याकाळी संस्थेच्या खतावणीत खातं निरंक निघालं. फक्त बोजा कुणी उतरवून घेतला नव्हता. मुलाने ही होडी रोख घेतली असती तर नाव बदलायला गेल्यावर तिथेच अडकला असता. संस्थेने बेबाकीचं, म्हणजे काही येणं उरलं नसल्याचं, पत्र दिलं.

भाव 18 हजारांनी उतरला. त्या 18 हजारांत फळी आणि मागचा कोपरा करून द्यायला कारागीर तयार झाला. खर्च तेवढाच राहिला, 1 लाख 90 हजार. मी म्हशीच्या फाईलच्या धर्तीवर टिपण लिहिलं: स्टॅम्प पेपरवरचा खरेदी करार, तपासणीचा अहवाल, त्याखाली मामांची आणि मच्छीमार सोसायटीच्या सचिवांची सही, क्रमांकाचे फोटो, पेन्सिलचा छाप. कोटेशनच्या रकान्यात लिहिलं, ‘सोबतचे टिपण पाहावे.’

हप्त्यांसाठी शाखाधिकाऱ्यांशी तासभर बोलावं लागलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत होडी जागची हलत नाही आणि बँक दर महिन्याला हप्ता मागते, मग खातं थकीत होणारच. शेवटी वर्षाला दहा हप्ते ठरले, तीन वर्षांत तीस, मुद्दलाचे दरमहा 5 हजार आणि वर व्याज. जून-जुलै कोरे.

मंजुरी 29 मे रोजी आली. पैसे विकणाऱ्याच्या आणि कारागिराच्या खात्यावर गेले.

जूनच्या मध्यावर, धो धो पावसात, मुलाचा फोटो आला. झापांच्या आडोशाला होडी पालथी होती, मागची फळी कापून काढलेली, आणि शेजारी गोणपाटावर कुजलेल्या लाकडाचा ढीग. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, मामा बोलले त्यापेक्षा जास्त निघालं.’ मी लगेच फोन केला. कारागिराने त्याच पैशांत काम पुरं करायचं कबूल केलं होतं. फोटो छापून घेतला, मागे तारीख घातली आणि फाईलला लावला.