विसाच्या नोटेवरचे माड

मालवणच्या बाजारपेठेत आमचे किराणा मालाचे दुकान आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या हातून दिवसभर चित्रे जात असतात, पण ती चित्रे आहेत हे त्याच्या ध्यानात राहत नाही. सकाळी भवानीला आलेल्या दहाच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर असते, पन्नासच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ, शंभरावर गुजरातेतील पाटणची राणी की वाव आणि दोनशेच्या पिवळ्या नोटेवर सांचीचा स्तूप. आयुष्यात कधी पणजीच्या पुढे न गेलेला माणूसही अर्ध्या किलो साखरेसाठी एवढी शिल्पे माझ्या पुढ्यात ठेवतो, मी ती रकान्यांत लावून टाकतो आणि दोघांपैकी कोणीही त्यांच्याकडे पाहत नाही.

एका नोटेकडे मात्र आमच्या पेठेतील पुष्कळांनी पाहिले. ती २००१ साली निघालेली विसाची तांबूस नारिंगी नोट होय. तिच्या मागच्या बाजूला माड आहेत, माडांपलीकडे खाडीसारखे शांत पाणी आहे आणि पाण्यापलीकडे डोंगराळ किनारा. ही नोट प्रथम आली तेव्हा दुकानात मीठ न्यायला येणाऱ्या मासेवाल्या काकींनी ती कनवटीतून काढून उलटीसुलटी केली आणि अगदी खात्रीने विचारले, "अरे, ह्यो आपल्या चिवल्याचो किनारो मां?" मीही क्षणभर होकारार्थी मान हलवली. कोणी तो तारकर्लीचा म्हणे, कोणी देवबागचा, आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी तर हा आपल्याच बंदराचा देखावा असल्याचे चहा संपेपर्यंत सांगितले.

वास्तविक तो देखावा अंदमानचा आहे. पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) जवळच्या माउंट हॅरिएटवरून, ज्या डोंगराला २०२१ पासून माउंट मणिपूर म्हणतात, त्यावरून खाली पाहिले म्हणजे नॉर्थ बेचे जे दृश्य दिसते ते या नोटेवर कोरले गेले आहे. नोट जरा डोळ्यांजवळ धरली की पलीकडच्या किनाऱ्यावरचे छोटेसे दीपगृहही सापडते. खरे तर पलीकडच्या डोंगराळ किनाऱ्यावरूनच आमची चूक उघड व्हायला हवी होती, कारण मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समोर डोंगर दिसत नाही. समोर दिसतो तो सिंधुदुर्ग, आणि त्याच्या मागे क्षितिजापर्यंत नुसता समुद्र. परंतु माड दिसला की आमची नजर तिथेच थांबते आणि त्यामागचा डोंगर पाहायचा राहून जातो, त्याला इलाज नाही.

नाण्यावरच्या चित्राने आपल्याकडे वस्तूला नाव दिले आहे, हे मला फार गमतीचे वाटते. राणीच्या मुखवट्यामुळे रुपया राणीछाप झाला, राजाच्या मुखवट्यामुळे राजाछाप. माझ्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. ही पुतळी मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची नक्कल असून, त्या मूळ नाण्यावर तेथील संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख कोरलेला असे. व्यापाराबरोबर ती नाणी पश्चिम किनाऱ्यावर उतरली, सोनारांनी त्यांच्यासारखे ठसे बनवले, आणि नक्कल होता होता संत कोण व गुडघे टेकणारा कोण हे विसरले जाऊन फक्त 'पुतळी' एवढे नाव उरले. आजी त्या आकृतींना राम-सीता म्हणत असे. काकींचे चिवले आणि आजीचे राम-सीता यांत मला फारसा फरक करता येत नाही.

याउलट, ज्या राजाने आमच्या समोरचा किल्ला बांधला, त्याच्या नाण्यावर चेहराच नाही. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' एवढीच अक्षरे आहेत. महाराजांचा चेहरा नाण्यावर आला तो १९९९ साली, दोन रुपयांच्या नाण्यावर, आणि तोही अर्थात दाढी-जिरेटोपासह. हे नाणे खिशात घालून होडीने सिंधुदुर्गावर गेलेला प्रवासी शिवराजेश्वराच्या देवळात थोडा गोंधळतो, कारण राजाराम महाराजांच्या काळातील त्या मूर्तीला दाढी नाही. कोणते रूप खरे, हे पर्यटक एकमेकांना तिथेच हळू आवाजात विचारतात. मला स्वतःला किल्ल्यावरचे चुन्यातले हातापायाचे ठसेच अधिक जवळचे वाटतात. ते महाराजांचेच, असे परंपरा सांगते. तिथे चित्रकार मध्ये येत नाही, ओल्या चुन्यावर पंजा टेकला आणि काम झाले.

गांधीजींच्या मुद्रेचेही असेच. एक रुपयाची नोट सोडली तर सध्याच्या प्रत्येक नोटेवरची ती हसरी मुद्रा १९४६ च्या एका छायाचित्रातून घेतलेली आहे. तेव्हाच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये ते ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर उभे होते. म्हणजे ते हसू ज्या माणसाच्या सोबतीत उमटले, तो माणूस कापला गेला आणि हसू तेवढे देशभर फिरत राहिले. शिवाय छायाचित्रातल्या करड्या छटा नोटेवर तशाच उतरवलेल्या नाहीत. तिथे बारीक रेषा आहेत. मोठ्या नोटांसाठी पत्र्यात कोरलेल्या रेषांत शाई भरून त्यावर कागद जबर दाबाने दाबतात, म्हणून शाई कागदावर उंचावून बसते आणि बोटाला खरखरीत लागते. संध्याकाळी हिशेब करताना अंगठा त्या खांद्यावरून सरकला की नोट खरी आहे हे डोळ्यांआधी अंगठ्यालाच कळते.

आता विसाची नवी नोट हिरवट पिवळी झाली असून तिच्यावर वेरूळची लेणी आहेत. आपल्याच राज्यातील शिल्प नोटेवर आले याचा मला आनंद आहे, तरी आमच्या पेठेत कोणी ती उलटीसुलटी करून पाहिल्याचे स्मरत नाही. जुनी नोटही चलनात आहेच, मात्र ती आता क्वचित येते आणि येते तेव्हा बहुधा मासळी बाजारातून येते: चार घड्या पडलेली, खारवलेली, सुरमईच्या वासाची.

गेल्या पावसाळ्यात काकींना मी अखेर सांगून टाकले, की तो किनारा चिवल्याचा नाही, अंदमानचा आहे. त्यांनी मिठाची पिशवी टोपलीत ठेवली, किंचित विचार केला आणि म्हणाल्या, "थंय पण माड आसत मां?" मी हो म्हटले. त्यावर त्यांनी कनवटीतून तीच जुनी नारिंगी नोट काढून पुढे केली. ती पुरती भिजलेली होती, म्हणून मी ती गल्ल्यात न टाकता काचेच्या बरणीला चिकटवून वाळत ठेवली, माड बाहेरच्या बाजूला करून. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी विचारले, हा फोटो कुठला.